माशाच्या तेलाचा वाटा

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यात तोरणमाळच्या पायथ्याच्या एका सरकारी दवाखान्यातून माशाचे तेल चोरीला जात असल्याची फिर्याद आमच्या ठाण्यात दाखल झाली. फिर्यादी त्या दवाखान्याचे डॉक्टर होते. संशयित त्यांचाच कंपाउंडर होता. तेव्हा हा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे आणि मी तेथे फौजदार होतो.

डॉक्टर कातडीच्या एका विकारावर संशोधन करत होते. डोंगरातल्या अनेकांच्या दंडांवर, कोपरांवर आणि मांड्यांवर बारीक टणक काटे उठत. कातडी बेडकाच्या पाठीसारखी खरखरीत होई. आहारात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याने हे होते, असे डॉक्टरांचे मत होते. ते तपासण्यासाठी त्यांनी शेजारशेजारचे दोन पाडे निवडले. वरच्या पाड्याला माशाचे तेल आणि खालच्या पाड्याला तिळाचे, म्हणजे फरक कळेल. पण फरक दिसेना. वरचा पाडा अपेक्षेइतका सुधारला नाही, आणि खालच्या पाड्याची कातडी मात्र मऊ पडू लागली. कंपाउंडर बाटल्या बदलून माशाचे तेल खाली विकतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

माझ्या जमादाराला हा निष्कर्ष पटला नाही. “साहेब, इतला घाण माल कोन चोरी?” तो म्हणाला.

पण बाजाराच्या दिवशी खबर आली, ती डॉक्टरांच्या बाजूची. खबर देणारा पेठेतला मारवाडी दुकानदार होता. खालच्या पाड्याचा एक माणूस रॉकेल घ्यायला त्याच्या दुकानी आला होता, आणि त्याच्या रिकाम्या बाटलीला माशाचा वास येत होता.

“मी त्याले सांगं, बाटली रस्तावर ठेव,” दुकानदार अजूनही संतापलेला होता. “आम्हना घरमा कांदा बी येत नही, आन् हाऊ मन्हा ओटावर मासानं तेल लई उना!”

जबाब नोंदवून मी कंपाउंडरला ठाण्यात बोलावले. तो कोरीट गावचा, पंचविशीतला तरुण होता. खोटे बोलणारा माणूस बहुधा तपशील वाढवत नेतो. याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

“साहेब, वरना पाडानी बाटली वरना कारभारीना हातमा देस, खालनी खाले देस, आन् परत येस. त्यानापुढे काय व्हस, ते माले माहीत नही.”

“मग खालच्या पाड्यात माशाचं तेल गेलं कसं?”

डॉक्टरांनी त्याला कामावरून दूर केले होते आणि बडतर्फीची शिफारस वरिष्ठांकडे पाठवायची तयारी चालवली होती. “हाई नोकरी गयी तं गावमा तोंड कसं दाखाडू?” एवढेच तो म्हणाला. अटकेपुरता पुरावा नसल्याने मी त्याला घरी जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉकेलवाल्या माणसाचा जबाब घ्यायला जमादारासह मी डोंगरात गेलो. डॉक्टरांनाही बरोबर घेतले. खालच्या पाड्यात कोणीच नव्हते. सगळे वरच्या पाड्यात, तिथल्या कारभाऱ्याच्या, म्हणजे पाड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात गोळा झाले होते. आमच्यासमोर कारभाऱ्याने माशाच्या तेलाची बाटली मडक्यात ओतली, त्यावर खालच्यांनी आणलेली तिळाच्या तेलाची ओतली, काठीने ढवळले आणि दोन्ही पाड्यांच्या माणसांना पळसाच्या पानावर घोट घोट वाढायला सुरुवात केली. रिकामी बाटली ज्याला हवी त्याने उचलली. रॉकेलवालाही त्यांत होता.

जमादाराला पावरी, म्हणजे त्या डोंगरातल्या लोकांची बोली, येत असे. त्याने विचारले, “वरच्यांचं तेल खालच्यांना का देता?”

कारभाऱ्याचे उत्तर जमादाराने मला मराठीत सांगितले. “शिकार मारली तर वाटा सगळ्यांचा. मोहाची दारू काढली तर सगळ्यांची. मग औषध एकट्यानं प्यायचं? खाली माझी बहीण दिली आहे.”

डॉक्टर म्हणाले, “अरे, पण ते फक्त तुमच्यासाठी होतं!”

“एवढी घाण आम्हीच का प्यावी?” मागून एक म्हातारी म्हणाली, आणि अंगण हसले. तिने पानावरचा एक घोट डॉक्टरांपुढे धरला. ते घेईनात, तेव्हा तो जमादाराने घेतला आणि बराच वेळ तोंड वाकडे करून उभा राहिला.

डॉक्टर मात्र कामाला लागले होते. त्यांनी दोन्ही पाड्यांच्या माणसांची कोपरे बोटांनी चाचपून पाहिली. वरचा कोण आणि खालचा कोण, हे त्यांना कातडीवरून ओळखता आले नाही.

मी जागेवर पंचनामा केला. त्यावर दोन्ही कारभाऱ्यांचे अंगठे घेतले. डॉक्टरांनी ठाण्यात येऊन चोरी झाली नसल्याचा जबाब लिहून दिला, बडतर्फीचा मसुदा फाडला आणि कंपाउंडरला त्याच दिवशी कामावर घेतले. तुलनेसाठी त्यांनी पुढे नदीपलीकडचे, या दोन्ही पाड्यांशी सोयरीक नसलेले गाव निवडले.

पुढच्या खेपेला कंपाउंडरने दोन्ही पाड्यांच्या बाटल्या बैलगाडीत भरल्या. सगळ्या माशाच्या तेलाच्या होत्या.