बोर्ड खाली सोडा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि गप बसा.

तर माझ्याकडं एक शिडाची बोट होती. व्हय, सोलापुरात! नवी पेठेत टॉवेल-चादरी विकणाऱ्या माणसाकडं! नळाला पाणी यायचा दिवस सणासारखा पाळतात, त्या गावात!

झालं असं, की पुण्याचे देवधर काका म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. तिकडं धरणावर बोट चालवायचे. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा म्हणाले, "घेऊन जा, तुमच्याकडं उजनी आहे." मी घेऊन आलो. ट्रॉलीवरची बोट अंगणात शिरताना आमची सुनंदा दारात उभी.

"तुम्ही उधारी वसूल करायला गेला होता ना?" एवढंच म्हणाली बिचारी.

पण माझ्या मनात एक होतं. सुनंदाचे वडील, म्हणजे आमचे मामा, करमाळ्याकडचे. त्यांचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली गेलंय. "येकदा गावावरनं जाऊन यावं," असं दर दिवाळीला म्हणायचे. म्हटलं, हिवाळ्यात बोट दुरुस्त करू आणि संक्रांत झाली की मामांना शिडाच्या बोटीतून नेऊ! लग्नाला इतकी वर्षं झाली, मामांनी मला कधी वाईट म्हटलं नाही. पण चांगलं तरी कुठं म्हटलंय?

बोटीची केबिन उघडली आणि मी दोन पावलं मागं सरलो. भिंतीला काळी बुरशी, छताला हिरवी, गादीला पांढरी! वास असा, की शेजारच्या मावशींनी घरातला गॅस बंद केला. मग काय, दुकानातलाच टॉवेल नाकाला बांधला आणि व्हिनेगर, ब्रश घेऊन बसलो घासत. केबिन लखलखीत केली. आठवडाभरात अवकाळी पाऊस पडला. बुरशी परत हजर!

म्हणजे पाणी कुठूनतरी येतंय. मी खिडक्यांची रबरं बदलली, छतावरच्या स्क्रूंची भोकं बुजवली. तरी मनाला खात्री पटेना. शेवटी नळाला पाणी आलं त्या दिवशी पाइप घेऊन बोटीवर चढलो.

"अहो, लोक पाणी भरायलेत आणि तुम्ही बोटीला आंघोळ घालताय!" सुनंदा हंडा घेऊन ओरडली.

"गळती शोधतोय!"

आणि सापडली की! खाली उतरून वाकून बघतो तर बोटीच्या पोटाला हात-दीड हात लांब फट, आणि तिच्यातून धार लागलेली! बॅटरी मारली तर आत एक गंजका लोखंडी पत्रा. म्हटलं, कुणा अडाण्यानं आतून पत्रा ठोकून फट बुजवायचा प्रयत्न केलेला दिसतोय. असं कुठं काम असतं का? मी फायबरचं कापड आणलं, रसायन आणलं, आणि थरावर थर चढवून ती फट अशी बंद केली, अशी बंद केली, की मुंगी शिरणार नाही. वर पॉलिश पेपर, वर रंग. स्वतःच्याच कामावरून हात फिरवत बसलो.

काकांना फोन लावला. "काका, सगळी गळती बंद!"

"वा! आणि बोर्ड? तो अडकतो बरं का. साफ केलात?"

आता दुकानदाराला बोर्ड म्हटल्यावर काय दिसणार? बोटीच्या मागच्या बाजूला नावाचा बोर्ड होता, अक्षरं पार उडालेली. लगेच पेंटर गाठला. लाल अक्षरात 'सुनंदा', दोन्ही बाजूंना कमळं. सुनंदा पण जरा निवळली.

निघायच्या आदल्या दिवशी परत फोन. "काका, बोर्ड एक नंबर झालाय!"

"छान. पाण्यात उतरलात की पहिल्यांदा बोर्ड खाली सोडा. पूर्ण खाली."

"किती खाली?"

"अहो, सगळा पाण्यात गेला पाहिजे."

"पाण्यात? मग वाचणार कोण?"

"पाण्यात गेला तरच वाचाल!"

मी फोन ठेवला. सुनंदानं विचारलं, "काय म्हणाले?"

"वय झालंय गं त्यांचं."

पण मोठ्या माणसाचा मान म्हणून बोर्डाला साखळ्या लावल्या आणि पाण्याला टेकेल इतका खाली सोडला.

उजनीवर करमाळ्याच्या बाजूनं बोट उतरवली. मामा धोतर-टोपीत, वर केशरी लाइफ जॅकेट. सुनंदाच्या मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. मी केबिन उघडून दाखवली. "बघा मामा, एक थेंब नाही!"

"व्हय की," मामा म्हणाले. अहो, कौतुक होतं ते!

शीड चढवलं. गाव उजवीकडं, म्हणून सुकाणू फिरवून बोटीचं तोंड उजवीकडं केलं. बोटीनं तोंड उजवीकडं केलं आणि अख्खी बोट डावीकडं निघाली! खेकड्यासारखी! मी शीड ओढतोय, सोडतोय, मोबाइलवर बघून शिकलेलं सगळं करून बघतोय. वारा ढकलेल तिकडं बोट आपली निवांत सरकतीय.

"जावईबापू, आपलं गाव तिकडं ऱ्हायलं."

"वळसा घेतोय मामा."

"लई मोठा वळसा हाय."

तो वळसा थेट पलीकडच्या काठाला, चिखलात जाऊन थांबला. रोहित पक्ष्यांचा थवा आम्हाला बघून उडाला. जिल्हा बदलला होता हो आमचा! सोलापुरातून निघून पुणे जिल्ह्यात!

काकांना फोन लावला. "काका, बोट नुसती आडवी सरकतीय!"

"बोर्ड खाली आहे ना?"

"आहे की! अक्षरंसुद्धा भिजलीत."

"अक्षरं? कसली अक्षरं?"

मग त्यांनी समजावलं. बोटीच्या पोटातून एक लोखंडी पाती खाली पाण्यात सोडायची असते. ती पाण्याला धरून ठेवते, म्हणून बोट आडवी घसरत नाही. तिलाच बोर्ड म्हणतात.

"खाली फट दिसली असेल ना तुम्हाला?"

"दिसली होती."

"होती म्हणजे?"

"काका, रेंज जातीय!" म्हटलं आणि फोन बंद केला. रेंज चांगली होती.

थोड्या वेळानं इंजिनाची नाव घेऊन एक मासेमारी करणारा आला. "कुटनं आलाय पावणं?"

"पलीकडनं."

"मग हितं काय करताय?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "टावेल इकायला आलोय."

त्यानं दोर बांधला आणि आम्हाला ओढत नेलं. मामांनी सांगितल्यावर वाट वाकडी करून त्यांच्या गावावरनं नेलं, इंजिन बंद केलं. मामांनी टोपी काढली. वाकून पाण्यात हात घातला. "हितं तालीम व्हती," म्हणाले. "आन् तितं आमचं दार." सुनंदानं त्यांचा दंड धरून ठेवला होता.

काठाला उतरलो. मामांचा चेहरा उजळलेला. मला वाटलं, हीच वेळ.

"मामा, पुढच्या वर्षी परत येऊ. तोवर मी बोट एकदम—"

"येऊ की!" मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच हो! "बोटीचं ऱ्हाऊ द्या. त्या नाववाल्याचा नंबर तेवढा घेऊन ठेवा."