चाचीचा अंगठा

माझी लेक गौरी आज तोंड मिटून झोपते, ती विट्याच्या गादीवाल्या चाचीमुळे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे लिहिणार आहे त्यात चाचीच्या वाट्याला दोषही येईल, आणि तो वाचून कुणी तिचे उपकार विसरायला नकोत.

चाचीच्या उजव्या अंगठ्याला आमच्या भागातली पोरं भुतापेक्षा जास्त भ्यायची. नख मुळापर्यंत कापलेलं, अंगठा रुंद आणि चपटा. पोराचा घसा धरला, घास गिळेना, की बाया त्याला बाजाराच्या दिवशी तिच्या दुकानात आणायच्या. येताना घरून चिमूटभर मीठ आणायचं, एवढाच तिचा नियम. पोराचं डोकं ती काखेत धरायची, अंगठ्याला मीठ-हळद लावायची आणि घशातल्या दोन्ही गाठी चेपायची. पोर ओकायचं, चावायचं. चाची हसायची. "चाव रं, चाव. तुझ्या बापानं बी चावलाय ह्योच अंगठा."

मीही चावलाय, पाच-सहा वेळा तरी. माझं तोंड सदा उघडं असायचं. नाक चोंदलेलं, कानात दडे. बाई शुद्धलेखन सांगायच्या ते मला विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं. वर्गातली पोरं 'आवाश्या' म्हणायची. सातवीत नापास झालो तेव्हा वडील म्हणाले, "ह्येच्या डोक्यात काय शिरत न्हाई. भट्टीवर धाडा." आमच्याकडे शाळेत न टिकलेलं पोरगं गलाईला जातं. सोनं-चांदी गाळायचं हे काम घेऊन आमची माणसं देशभर पांगली आहेत. मी तमिळनाडूत सेलमला आलो, तो इथलाच झालो. भाषा आली, घर आलं नाही.

मी ज्या शेठकडे कामाला, त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही राहायचो. खाली भट्टी, मूस, तेजाब; वर आमची चूल आणि गौरीचा पाळणा. चांदी तेजाबात टाकली की तांबूस वाफ उठते. ती जिन्यातून वर यायची. आम्हाला तिचा वास येणंही बंद झालं होतं. सगळ्यांची बिऱ्हाडं अशीच असतात, त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही.

गौरी चौथ्या वर्षी घोरायला लागली. "आजोबा आलं बघा," म्हणून आम्ही हसायचो. मग तिचं तोंड मिटेनासं झालं. दर पंधरा दिवसांनी ताप, घसा. हाक मारली तर तिसऱ्या वेळेला मान वळवायची. शाळेतल्या बाईंनी बायकोला बोलावून सांगितलं की पोरीचं लक्ष नसतं. ते ऐकून मला माझीच सातवी दिसली.

आई फोनवर म्हणाली, "त्या बर्फाच्या कांड्या चाखवता तिला, दुसरं काय! यात्रेला आण. चाचीकडनं गाठी दाबून घिऊ."

यात्रेला गावी आलो, तेव्हा आई आणि गौरीबरोबर मीठ घेऊन चाचीकडे गेलो. चाची खूप थकली होती, पण अंगठा तसाच होता. तिने मीठ घेतलं नाही. गौरीला जवळ ओढून आधी तिचे केस हुंगले, मग फ्रॉक.

"ही निजती कुठं?"

"घरात," मी म्हणालो.

"आन् घर कशावर हाय?"

मी मिठाची पुडी परत खिशात घातली. ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणालो, "भट्टीवर."

चाचीने नव्या गादीवर गौरीला आडवं केलं, थोपटलं. भर दुपारची वेळ, पोरगी लगेच झोपली. चाचीने तिच्या बरगडीवर हात ठेवला आणि मला जवळ बसवलं. गौरी घोरत होती. मग घोरणं थांबलं. श्वासही थांबला. छाती नुसतीच हलत होती, आत काही जात नव्हतं. मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास आला.

"झोपंत असाच अडकतो हिचा दम. अंगठा काय करनार हितं?"

आई म्हणाली, "आवं चाची, दाबा की जरा. लय लांबनं आनलीया पोरीला."

"न्हाई दाबत. सांगलीला डाक्टरकडं न्या."

आईने परत विनवलं तेव्हा चाचीने मागे बोट दाखवलं. तिचा मुलगा रफिक कापूस पिंजत होता. यंत्र बंद करून ती मला म्हणाली, "हाक मार त्येला." मी मारली. दोनदा मारली. तो पाठमोरा कापूस उचलत राहिला.

"ह्यो बी असाच तोंड वासून निजायचा. कापसाच्या खोलीत वाढला. सर्दी हटंना, कान वाहायचं. मी आई, दाबत बसले. डाक्टरकडं नेला तवा लय उशीर झाला व्हता." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या घशात बी गेलाय ह्यो अंगठा. घसाच बघत बसले मी. तुला ऐकू येत न्हाई, हे कवा ध्यानातच आलं न्हाई. माफ कर बाबा."

मला तिचा राग आला. आजही थोडा आहे, खोटं कशाला बोलू? मी एका शब्दानेही तिला 'असू दे' म्हणालो नाही.

तरी बाजाराच्या दिवशी दुकान रफिकवर टाकून ती आमच्याबरोबर सांगलीला आली. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन सांगितलं. मला जे विचारायचं होतं ते शेवटी तिनेच विचारलं, "धुरानं झालं का वो हे?" डॉक्टरांनी नीट समजावलं. टॉन्सिल आणि नाकामागची गाठ बऱ्याच कारणांनी वाढते. वरचेवर सर्दी-घसा होतो, कुणाला धुळीची ॲलर्जी असते, कुणाच्या घराण्यातच असते. धूर आणि तेजाबाची वाफ त्यात भर घालते. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. गाठीमुळे कानात पाणी साचलंय, गाठी आणि पाणी दोन्ही मात्र काढायला हवं.

बाहेर आल्यावर चाची पुटपुटली, "डाक्टर शाना हाय, बोट ठेवत न्हाई. मी ठेवते. त्या खोलीत पोरीला परत निजवशील तर माझ्या दारात येऊ नगंस."

ऑपरेशन चाललं होतं तोवर गौरीच्या चपला मांडीवर घेऊन ती बाकावर बसली होती. तिसऱ्या दिवशी गौरी छताकडे बघत म्हणाली, "पप्पा, पंखा वाजतोय." मी बाहेर जाऊन रडलो. पोरीसाठी रडलो, आणि माझ्या वर्गातही एक पंखा होता, त्यासाठीही.

आता विट्यात म्हणतात, चाचीच्या हाताचा गुण गेला. तिने अंगठा बंद केलाय, त्यामुळे मीठ घेऊन बाया पलीकडच्या गल्लीत दुसरीकडे जातात. चाची दारात बसून एकेकीला अडवते, "पोरगं निजतं कुठं?" म्हणून विचारते. बाया तिला टाळून जातात.

आणि मी? आम्ही सेलमला दुकानापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. शेठला कारण सांगितलं की वर पाणी चढत नाही. आमच्या जागी आमच्याच तालुक्यातलं एक जोडपं आलंय. त्यांचं मूल तोंड उघडं टाकून झोपतं. त्याच्या आईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, सर्दी असेल. गेल्या यात्रेला देवळापुढे सगळ्या गावांतून आलेली भट्टीवाली माणसं बसली होती. आई सांगत होती, बर्फाच्या कांड्यांनी नातीचा घसा गेला होता. मी मान डोलावली. ज्या धंद्यावर सगळं गाव जेवतं त्याला नावं कोण ठेवणार? उद्या कामावरून काढलं तर सातवी नापासाला दुसरं काय येतं?

चाची, तुम्ही तुमची चूक माझ्या आईसमोर, भर दुकानात कबूल केलीत. मला माझी अजून जमलेली नाही. पण एका यात्रेला मी त्याच देवळापुढे उभा राहीन आणि आमची पोर कशावर झोपत होती ते सगळ्यांना सांगेन. दुसऱ्या कशानेही तुमचे उपकार फिटायचे नाहीत, हे मला कळतं. तेवढा धीर येईपर्यंत तुम्ही दारात बसून राहा.