गोजाच्या नावाचा विंचू

कुंभारीच्या माळावर मेंढरं बसवायची तर आधी बिरप्पा धनगरानं दगड उलटायचे, हे ठरूनच गेलं होतं. विंचू निघाला की पायताणानं असा ठेचायचा, की मातीत नुसता डाग उरावा. लोक म्हणत, बिरप्पाला खूळ लागलंय. खूळ कसलं! त्याची सात वर्षांची गोजा विंचू चावूनच गेली होती. सन एकतीसचा उन्हाळा. पोरीला खांद्यावर टाकून तो सोलापूरच्या दवाखान्याकडं धावला, पण सात रस्त्याच्या चौकापाशीच ती गार पडली. तरी तो तसाच दवाखान्यात पोचला.

डॉक्टरला दाखवायला म्हणून मारलेला विंचू त्यानं मुंडाशाच्या सोग्यात बांधून आणला होता. तो दवाखान्यात बसलेल्या करकंबकर मास्तरांनी मागून घेतला. मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे, किडेविंचू बाटल्यांत भरून ठेवायचे. त्यांनी पोरीचं नाव विचारलं, बिरप्पानं सांगितलं.

दोन वर्षांनी बिरप्पा लोकर विकायला सोलापूरला आला, तेव्हा मास्तरांनी त्याला घरी नेऊन चहा पाजला.

"बिरप्पा, तुझा विंचू नव्या जातीचा निघाला. विलायतेत छापून आलंय. या नावांना लॅटिन शेपूट लावतात. गावावरून ठेवलं तर 'एन्सिस', पुरुषावरून 'ई', बाईवरून 'ए'. मीच कळवलं, पोरीचं नाव ठेवा. गोजाए! म्हणजे गोजाचा. आता तिचं नाव जगातून पुसलं जायचं नाही."

मास्तर मनाचे फार चांगले. म्हणूनच त्यांना शिवीही देता येईना.

बिरप्पानं बशी खाली ठेवली. "ज्यानं पोर नेली, त्यालाच तिचं नाव? काढा की मास्तर ते. पाया पडतो तुमच्या."

"छापलेलं नाव आता मलाच काय, कुणालाच काढता येत नाही. नियमच आहे तसा," मास्तर खाली बघत म्हणाले.

त्याच संध्याकाळी माळावर दगडाखालून विंचू निघाला. बिरप्पानं पायताण उचललं आणि हात वरच राहिला. पोरीचं नाव लागलेल्या त्या किड्यावर तो खाली येईना.

"मारा की! बगताय काय?" बायको केराबाई ओरडली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं पायताण हिसकावलं. "माज्या गोजाला खाल्लंस व्हय, मुडद्या!" म्हणत विंचू ठेचला.

बिरप्पा त्या डागापाशी बसला. गोजाला पुरतानाही रडला नव्हता, तो आता ढसाढसा रडू लागला. काय झालं, काय झालं, म्हणून केराबाई विचारत राहिली. मरेपर्यंत त्यानं तिला सांगितलं नाही, आणि दगडही पुन्हा कधी उलटला नाही.