डबीतला हिरवा दिवा

देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक काळी डबी आहे. तिच्यात हिरवा दिवा जळायचा. परदेशी गेलेल्या पोरानं ती इंटरनेटला जोडून बसवून दिली. म्हणाला, "आईचा फोन बंद पडला तरी तिचं चॅट या डबीवर चालूच राहील." तेव्हापासून त्याच्या मोबाइलवर आईच्या नावापुढं कायम ऑनलाइनचा हिरवा ठिपका.

मग बायको गेली. जिथं जीव गेला तिथं आम्ही पणती लावली आणि तेरावं झाल्यावर उचलली. गेलेल्या माणसालाही कळावं लागतं की आता निघायचं. डबीतला दिवा मात्र कुणी उचलला नाही. दिवा जळतोय म्हणजे माणूस आहे, असं थोडंच असतं?

काल डबीची वायर काढायच्या आधी पोराला फोन लावला.

"बाबा, नको ना! ठिपका दिसला की आई घरात आहे असं वाटतं."

"अरे गाढवा, ती होती तेव्हाही ठिपका दिसतच होता. फोन मांडीवर घेऊन वाट बघायची बिचारी. कधी 'जेवलीस का' एवढं तरी विचारलंस?"

तो रडायला लागला. रडू दे. तिचं रडणं मी ऐकलंय.

वायर ओढली. दिवा विझला. आता त्याची आई मेली.