उशिरा उमलणारी गोकर्ण

मी जन्माची झोपाळू. ग्वाल्हेरच्या दाणाओळीतल्या आमच्या भाड्याच्या घरात सगळ्यांत शेवटी मी उठायचे, आणि ‘सगळे’ म्हणजे तरी कोण, आई, बाबा आणि मी. पहाटे आई मागच्या अंगणात जायची आणि तिथून तिचा आवाज यायचा, “उठलीस का गं?” मी गोधडीतूनच “हो” म्हणून ओ द्यायचे आणि कूस बदलून पुन्हा झोपायचे. मैत्रिणींच्या आया पांघरूण ओढायच्या, तोंडावर पाणी शिंपडायच्या. माझी आई एका ‘हो’वर समाधान मानायची. मला तिचं फार कौतुक वाटे.

अंगणात न्हाणीच्या कडेला तिनं गोकर्णीचे दोन वेल लावले होते, एक निळा, एक पांढरा. ते माझ्याच वयाचे आहेत, एवढं मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, सुटली की गल्लीतल्या तुळशीसुद्धा माना टाकायच्या, पण आईचे वेल न्हाणीच्या पाण्यावर तगायचे. थंडीत त्यांच्या काड्या व्हायच्या. आई त्या वीतभर ठेवून छाटायची, आणि उन्हाळा संपता संपता बुडातून नवे कोंब फुटायचे. प्रत्येक वेलाला वेगळी सुतळी. कोंबाला ती बोटानं वाट दाखवायची, पण बोट वाकवून, कारण सरळ बोट दाखवलं की कळी कुजते म्हणे. शेंगा धरल्या रे धरल्या की तोडून टाकायची, नाहीतर वेल फुलं द्यायचा आळस करतो. निळी फुलं देवाला जायची. पांढऱ्या वेलाला मात्र कुणी हात लावायची सोय नव्हती. निळी फुलं उजाडताच उघडत, पांढरी भिंतीवरून ऊन खाली उतरल्यावर. “त्याला ऊन कमी पडतं,” असं म्हणून बाबा पेपरमध्ये तोंड घालायचे.

बाबा सरकारी दफ्तरात कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांची खुर्चीच काय, शाईची दौतही जागची हलली नव्हती. फक्त कागदावरचं सरकार बदललं होतं. त्यामुळे राज्यांची फेररचना होणार म्हणून बाड्यावर, म्हणजे गावच्या मोठ्या चौकात, जो तो तावातावानं बोलत होता, तेव्हा बाबा निवांत होते. या खेपेला मात्र खुर्चीच भोपाळला निघाली. आई म्हणाली, “मी नाही येणार.” बाबांना आधी थट्टाच वाटली. मग रोज भांडणं सुरू झाली.

त्या दिवसांत एकदा पोट दुखून मला चक्क पहाटे जाग आली. न्हाणीकडे जायला म्हणून मी अंगणाच्या दारात आले. आई माझ्याकडे पाठ करून पांढऱ्या वेलापाशी उकिडवी बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या. एक मिटलेली कळी दोन बोटांत हलकेच धरून तिनं विचारलं, “उठलीस का गं?”

‘हो’ माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती माझ्या खोलीकडे बघतच नव्हती. ती कळीशी बोलत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. मी पाय न वाजवता परत फिरले, गोधडीत शिरले आणि तिथून “हो” म्हणाले. त्याबरोबर तांब्यातलं पाणी आळ्यात पडल्याचा आवाज आला, रोज यायचा तसाच. इतकी वर्षं मी कुणाच्या हाकेला ओ देत होते? त्या पहाटे मला पहिल्यांदा माझ्या आईची भीती वाटली.

वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहायच्या. मी त्यांना गाठलं. गहू निवडता निवडता त्या म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं नाही का बेटा? तू एकटी थोडीच आलीस! तू आधी, ती मागून. तू रडलीस, ती रडलीच नाही. दोघींची वार सुईणीनं तिथंच पुरली, न्हाणीपाशी. वरून तुझ्या आईनं बिया लावल्या. आता सोडून कशी जाईल ती? खामखा जिद्द नाही करत तुझी आई.”

निळा वेल माझा होता तर.

दिवाळी झाली आणि बाबांचा धीर सुटला. “मुलीची शाळा बुडवता येत नाही,” ते म्हणाले. “हिला मी घेऊन जातो. तू राहा तुझ्या वेलांपाशी.” आई उठली. माझे फ्रॉक वेगळे काढून घड्या घालायला लागली. म्हणजे तिनं निवड केली होती, आणि ती माझी नव्हती. मला रडू कोसळलं. त्या पांढऱ्या वेलाचा इतका संताप आला की कात्री घेऊन मी अंगणात गेलेसुद्धा. पण कळ्यांकडे पाहिलं आणि हात उचलेना.

निघायच्या दिवशी धुकं पडलं होतं. मी आईच्याही आधी उठून न्हाणीच्या भिंतीआड जाऊन बसले. आज पांढऱ्या वेलातल्या बहिणीच्या वतीनं मीच बोलायचं, बारीक आवाजात, असं ठरवलं होतं. आई आली. धुक्यात तिचं नुसतं लुगडं दिसत होतं. दोन्ही वेलांवर एकही फूल उघडलं नव्हतं.

“उठलीस का गं?” आईनं विचारलं.

“उठले,” मी म्हणाले. “आई, चल ना. आपण सगळे जाऊ या.”

आई दचकली नाही. मागे वळलीही नाही. वेलाकडे बघतच हळू म्हणाली, “दोघी एकदम नका गं बोलू. काही कळत नाही.”

मी तोंडावर हात दाबून धरला. मी गप्प होते, आणि आई ऐकत होती. मधूनमधून मान हलवत, बराच वेळ. शेवटी ती “बरं” म्हणाली, तांब्या आळ्यात रिता केला आणि आत जाऊन ट्रंकेत स्वतःची लुगडी भरू लागली. बाबा काही विचारायच्या भानगडीत पडले नाहीत.

भोपाळच्या क्वार्टरला अंगण होतं. आईनं तिथं वांगी लावली, मिरच्या लावल्या. गोकर्ण कधीच लावली नाही. पहाटे मात्र ती स्वयंपाकघरातून विचारायचीच, “उठलीस का गं?” माझा झोपाळूपणा ग्वाल्हेरलाच राहिला होता, त्यामुळे मी तोवर जागी असायचे. पण लगेच ओ देत नसे. आधी थोडी थांबायचे.