पायांच्या शिरांची परीक्षा

गोवा राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या शिगम्याची गोष्ट. डिचोलीच्या बाजारात माझं किराणा दुकान, शेजारी न्हाव्याचं सलून. दोघंही दिवसभर उभे. माझ्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा अशा फुगल्या होत्या, की नार्वे गावच्या नदीत पाय सोडला तर मासे गांडूळ समजून गोळा व्हायचे. त्याच्याही फुगल्या होत्या म्हणे, पण तो सदा पँटीत.

माझा जळफळाट मात्र वेगळाच होता. शिगम्याच्या घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार परजत सगळ्यांच्या पुढे तो नाचायचा. मी वर्षानुवर्षं त्याच्या मागे.

त्या वर्षी आरोग्य केंद्रात पणजीहून एक तरुण डॉक्टर आला. आम्ही दोघंही पाय दाखवायला गेलो. तपासण्याआधी त्यानं प्रत्येकाला प्रश्नांचा कागद दिला. पाय किती दुखतात, सूज येते का, झोप मोडते का. ज्याचे त्यानं शून्य ते दहा मार्क घालायचे. कागद मराठीतही होता नि कोकणीतही. भाषावादाच्या त्या दिवसांत एकाच भाषेत छापला असता तर डॉक्टरचेच पाय मोडले असते.

मार्क म्हटल्यावर मी पेटलो. न्हाव्याला इथं तरी मागे टाकायचं! दुखणं दहा. सूज दहा. झोप मोडते कसली, येतच नाही! दहा. तिरक्या नजरेनं पाहिलं, तर तो शून्यावर शून्य घालत होता.

"शेट, इतके दुखतात?"

"तुला नाही कळायचं. त्याला शिरा अस्सल लागतात!"

"शेटाकच दे रे देवा सगळे मार्क," म्हणून तो हसला.

शून्यवाल्याला डॉक्टरनं पाय न बघताच घरी धाडलं. मला सगळ्यांच्या आधी आत बोलावलं. छाती फुगवून गेलो, सोबत बायको.

"काका, एवढे मार्क कुणाचेच नाहीत. पट्ट्या बांधा, पाय वर ठेवून बसा. शिगम्यात नाचायचं नाही."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "मी बघते कसे नाचतात ते!"

शिगम्याला मी सोप्यावर, पाय स्टुलावर. ढोल आले. न्हाव्यानं आमच्या दारात घोडा असा गरगर फिरवला, की कोंबड्यांना घेरी आली. बायकोनं हौसेनं नारळ पुढे केला. "ह्या वयात काय नाचतो हो!"

तेवढ्यात वारा सुटला, घोड्याची झालर उडाली. खाली आज पँट नव्हती, आखूड धोतर होतं. मी वाकून त्याच्या पोटऱ्या पाहिल्या. मेल्याच्या शिरा माझ्याहून जाड! तिथंही तोच पहिला.