उजव्या छातीवरचे बिल्ले

लढाई संपली आणि शेचाळीस साली गावातली पलटणीची माणसं घरी आली. कुणी घड्याळ आणलं, कुणी गुडघ्याखाली लोंबणारा कोट. आकारामनं आणला पाण्याच्या रंगांचा पत्र्याचा डबा. इटलीत छावणीशेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या चितारीनं तो दिलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हातारा नुसता बोट नाचवायचा, "पियानो, पियानो!" म्हणजे हळू, हळू. तेवढ्यावर आकाराम ओल्या कागदावर रंग सोडायला शिकला, आणि फळीवर चित्र कोरून, काजळी फासून छाप काढायलाही. डोंगर, मासे, झाडं, सगळं छापलं.

गावात आल्यावर तो म्हशीलाही "पियानो, पियानो" म्हणू लागला. म्हैस ऐकायची. गाव कुठलं ऐकतंय! लढाईआधी तो बेंदराला बैलांची शिंगं रंगवायचा, तेवढंच सगळ्यांच्या ध्यानात.

"आकाराम, माझ्या खोंडाची शिंगं कवा रं?"

"आवं, मी आता चित्रं काढतो."

"काढ की! शिंगावर काढ!"

मग यात्रा जवळ आली. हंबीरराव हवालदाराच्या मनात आलं, कुस्त्यांच्या मैदानात आपलं चित्र वाटायचं. पन्नास छाप! पंचक्रोशीतले सगळे फौजी तिथं जमणार. आकाराम बायकोला म्हणाला, "राहीबाई, ह्ये जमलं तर मी पेंटर. न्हाई जमलं तर डबा माळ्यावर, आन् जल्मभर शिंगं."

हंबीरराव लढाईत मिळालेले तीन बिल्ले लावून बसला. छाती अशी फुगवली की सदऱ्याची गुंडी सुटली आणि कोंबडीला जाऊन लागली. आकारामनं दिसलं तसं फळीवर काढलं, तसंच कोरलं. पतंगाच्या पातळ कागदावर छाप घेतले, वरून मिशीला काळा, फेट्याला तांबडा रंग सोडला. मिशी अशी उतरली की बघणाऱ्याला शिंक यावी.

यात्रेच्या सकाळी पहिला छाप हंबीररावाच्या आईनं, साळूबाईनं हातात घेतला. बघितला. आणि जी बोंब ठोकली!

"आरं मुडद्या! माझ्या जित्या लेकाला मारलास की रं!"

बिल्ले उजव्या छातीवर होते. छापात डावं ते उजवं होतं, हे मासे न् डोंगर छापताना आकारामला कधी अडलंच नव्हतं. पण ह्या गावात पोरासोरालाही ठाऊक, फौजी स्वतःचे बिल्ले डावीकडं लावतो. उजवीकडं लावते ती त्याची विधवा. खुद्द साळूबाईनं धन्याचा बिल्ला वीस वर्षं उजवीकडं मिरवला होता.

हंबीरराव गरजला, "म्हंजे मी काय माझीच रांडमुंड बायको हाय व्हय रं?"

आकारामच्या डोळ्यांपुढं माळा आला, डबा आला, शिंगांची रांग लागली. नवी फळी कोरायला आठ दिवस, आणि कुस्त्या तिसऱ्या प्रहरी. डोळ्यांवरचं ऊन अडवायला त्यानं हातातला छाप वर धरला आणि कागदाच्या पाठीतून छापातला हंबीरराव आरपार दिसला. बिल्ले डावीकडं!

त्यानं धावतपळत सगळे छाप सुतळीला चिकटवले आणि सुतळी मैदानावर आडवी बांधली, छापांची पाठ लोकांकडं, तोंड सूर्याकडं. पन्नास हंबीरराव उन्हात झळकले. "वाऽऽ!" म्हणून मैदान उठलं.

तेवढ्यात वारा सुटला.

हंबीरराव गिरकी घ्यायला लागले. बिल्ले डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. खाली मातीतले पैलवान एकमेकांचे लंगोट धरून वर बघत राहिले. लोक ठेक्यात ओरडू लागले, "जिता! मेला! जिता! मेला!"

सगळ्यांत आधी साळूबाई हसली. हसता हसता खालीच बसली. "आगं बया, लेक माझा मरतोय काय, उठतोय काय!" मग हंबीररावाची मिशी हलली, आणि तोही फुटला.

शेजारगावचा लालासाहेब सुभेदार गर्दी सारत पुढं आला. "कोण हाय रं ह्यो पेंटर?"

पेंटर! आकारामला वाटलं, दुसऱ्याच कुणाला हाक मारली.

"माझंबी काढ," लालासाहेब म्हणाला. "पर मला मारायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आकारामनं न्हाव्याकडनं आरसा मागून आणला, खुंटीला टांगला आणि सुभेदाराकडं चक्क पाठ करून बसला.

"आरं, माझ्याकडं बघ की!"

"आरशात बघतोय नव्हं," आकाराम फळीवर पेन्सिल टेकत म्हणाला. "पियानो, सुभेदार, पियानो! सरळ बघितलं की तुमी मरताय."